सोळा कलमं आणि एक वगैरे

“पण लिहिलंय कुठे, बाबा?”

हेमराज वकिलानं तिसऱ्यांदा विचारलं.

बाबांनी तिसऱ्यांदा उत्तर दिलं नाही. ते सूप मांडीवर घेऊन तांदूळ निवडत होते. एक खडा सापडला, तो त्यांनी उंबऱ्याबाहेर टाकला.

मी चुलीपाशी होतो. मठात भाकऱ्या थापायला मी, तोताराम, एकवीस वर्षं आहे. केवळगिरीबाबा गप्प बसले की समोरच्याची काय गत होते, ते मला चांगलं ठाऊक आहे. हेमराजलाही ठाऊक असायला हवं होतं. पाचवीपासून दहावीपर्यंत तो याच ओसरीवर शिकला, माझ्याच हातचं पिठलं खाऊन. पण पुढे शहरात गेला, वकील झाला, आणि वकील झाल्यावर माणसाला गप्प बसणाऱ्याची भीती वाटेनाशी होते.

“सोळा कलमं आहेत,” हेमराज म्हणाला. “मी स्वतः लिहिली. पाटाचं पाणी वाटणं, संघाचं काम. पाट आणि बांध राखणं, संघाचं काम. पाटकरी नेमणं, संघाचं काम. आणि सोळावं कलम असं, की यात जे लिहिलं नाही ते ज्या त्या गावाचं. इतकं स्वच्छ आधी कुणी लिहिलं होतं?”

नव्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. मठाच्या टेकडीखालून नदी जाते. नदीला बांध, बांधातून पाट, आणि त्या एका पाटावर चार गावं. पाणी एक आणि तोंडं चार, म्हणून आमच्या बापाच्या पिढीनं चार गावांचा मिळून एक संघ केला. पाटाचा कारभार संघाकडे, बाकीचा ज्याचा त्याच्याकडे. तशी दीड पानाची सनद होती. दोन वर्षांपूर्वी हेमराजनं ती मोडीत काढली आणि नवी टाइप करून आणली, वर पारदर्शक प्लास्टिक लावून.

“जुनीत शेवटी काय होतं, आठवतं?” तो म्हणाला. “‘संघाने पाट राखावा, पाणी वाटावे, बांध दुरुस्त करावा, वगैरे.’ अहो, वगैरे म्हणजे काय? वगैरेत हत्तीसुद्धा मावेल. कुठल्या शहाण्यानं लिहिलं होतं कोण जाणे. मी सगळ्यात आधी तो शब्द खोडला.”

मला ठसका लागला. धूर फार झालाय, असं मी म्हणालो.

जुनी सनद बाबांच्या अक्षरातली होती.

बाबांनी आणखी एक खडा टाकला. “बरं केलंस,” ते म्हणाले. “मग आता अडलंय कुठे?”

अडलेलं अंगणात लिंबाखाली बसलं होतं. सुपडू, संघाचा पाटकरी. म्हणजे पाटाचं पाणी शेतोशेत सोडणारा, बांधणारा, पाटावरून दिवसातून दोनदा फिरणारा माणूस. सव्वीस वर्षं त्यानं दुसरं काही केलेलं नाही. पागोटं काढून त्यानं मांडीवर ठेवलं होतं, आणि आत काय चाललंय ते ऐकू येत नसल्यासारखा तो पायाच्या बोटांकडे बघत होता. सगळं ऐकू येत होतं त्याला.

झालं होतं असं. माघात, भर दुपारी, भोरटेक गावाच्या वरच्या अंगाला पाट फुटला. बैलगाडी जाईल एवढं भगदाड. पाणी निघालं नाल्याला, आणि चारी गावांचा गहू ओंबीवर आलेला. सुपडू एकटा. जवळ दगड म्हणाल तर भोरटेकच्या कोंडवाड्याची भिंत, जिथं गावातली मोकाट जनावरं कोंडतात. सुपडूनं भिंत उपसली. कोंडवाड्याचं फाटक उखडून भगदाडाला आडवं लावलं, मागे दगड भरले, वर माती लोटली. दिवस मावळायच्या आत पाणी पाटात.

आठ दिवसांनी गवंडी आला, तेच दगड वापरून पक्कं बांधून गेला. फाटक मोकळं झालं.

सुपडूनं ते फाटक संघाच्या शेडमध्ये नेऊन उभं केलं. आणि त्यावर लाल रंगानं मोठ्या अक्षरात ‘संघ’ असं लिहून टाकलं.

आता भोरटेकच्या सरपंचबाईंचा अर्ज आला होता. पाटकऱ्याला काढा, नाहीतर आमचं गाव संघातून निघालं. दुपारी चार वाजता सभा होती. चारी गावच्या पंचांनी हात झटकले होते, म्हणाले, सनद वकिलाची, वकील सांगेल ते आम्हाला कबूल.

“आणि वकील काय सांगणार?” बाबांनी विचारलं.

“वकील काय सांगणार, बाबा. सनद सांगते. पाटकऱ्यानं दुसऱ्या गावची भिंत पाडावी, असं सोळांपैकी एकाही कलमात नाही. लिहिलं नाही म्हणजे अधिकार नाही. सुपडूभाऊला घरी बसावं लागेल. मलाही वाईट वाटतं.”

“वाईट वाटतं, हे कितव्या कलमात आहे?”



“चेष्टा नको, बाबा.”

“गहू वाचला ना पण?” मी चुलीपासून म्हणालो. “आणि तुला पोहायला कुणी शिकवलं रे, पाटात उचलून टाकून?”

“तोतारामकाका, त्याचा इथं संबंध नाही.”

मला राग आला, खोटं कशाला बोलू. मी भाकरी इतकी जोरात थापली की ती फाटली.

बाबांनी सूप बाजूला ठेवलं. “मग माझ्याकडे कशाला आलास?”

“तुमचा आशीर्वाद घेऊन सभेला जावं म्हटलं.”

“आशीर्वाद आहेच. आधी जरा पाणी पाज.”

“आणतो.”

“थांब. लिहून देतो.”

बाबांनी कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं, माझी हिशेबाची पेन्सिल मागून घेतली, आणि सावकाश एक ओळ लिहिली.

“तू लिहिल्याखेरीज काही करत नाहीस ना?”

“नाही.”

“एक अक्षर जास्त नाही?”

“अर्धंही नाही, बाबा. माणसानं सवयच लावून घ्यावी.”

“छान सवय आहे.” बाबांनी कागद दिला.

हेमराजनं मोठ्यानं वाचलं. “आडावरून कळशीभर पाणी आण.” कागदाची नीट घडी करून त्यानं वरच्या खिशात ठेवली आणि कळशी उचलली.

“मी आणतो की,” लिंबाखालून सुपडू उठला.

बाबांनी त्याला हातानं बस म्हटलं.

हेमराज दिसेनासा झाला, आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आडाचा दोर जागेवर नव्हता. कपडे वाळत घालायची दोरी तुटली म्हणून मीच तो काल अंगणात या खांबापासून त्या खांबापर्यंत बांधला होता. त्यावर माझं धोतर वाळत होतं.

बाबांनी धोतराकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी भाकरी उलटली.

...

हेमराज आला तो बाह्या भिजवून, पण ऐटीत. कळशी काठोकाठ भरलेली. बाबांनी तांब्यानं पाणी घेतलं, वरूनच घटाघटा प्यायले, मिशा पुसल्या.

“गोड आहे,” ते म्हणाले. “दोर कुठून आणलास?”

“आपला नव्हता तिथं. शेजारच्या झुमकाबाईंच्या कुंपणाला खुंटीवर होता, तो घेतला.”

“चिठ्ठी बघू.”

हेमराजनं घडी उलगडून दिली. बाबांनी कागद लांब धरला, जवळ धरला, उलटा करून कॅलेंडरच्या तारखाही वाचल्या.

“यात दोर कुठे दिसत नाही.”

“बाबा, आड तीस हात खोल. दोराशिवाय पाणी काय हाका मारून वर येणार?”

“झुमकाबाई तर यात मुळीच नाहीत.”

“दोर त्यांचा होता, म्हणून...”

“वाटेत मळ्याचं दार लागतं. उघडलंस?”

“उघडलं. आणि लावून घेतलं, जनावरं शिरतात म्हणून.”

“लावून घ्यायचं कुठे लिहिलंय?”

 पोरगा मुळात हुशार, हे मी कधी नाकारलं नाही. त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं, ते तो दाबू पाहत होता, पण येतच राहिलं.

“पकडलंत,” तो म्हणाला. “कबूल. पाणी आण म्हटलं की दोर त्यात आलाच. दार उघडणं आलं, लावणं आलं. सगळं लिहायला बसलं तर माणूस तहानेनं मरेल.”

बाबांनी सूप परत मांडीवर ओढलं.

“म्हणजे पाट राख म्हटलं की दगड आले.” हेमराज उठून उभा राहिला. त्याला आता चेव चढला होता. “म्हणजे पाट राखण्यासाठी सुपडूभाऊ काय वाट्टेल ते करू शकतो. भिंत घ्या, फाटक घ्या, काय लागेल ते घ्या. भोरटेकवाल्यांनी बोलायचं कामच नाही. मी तसं कलमच घालतो, आत्ता. सतरावं. संघाला योग्य वाटेल ते सर्व.”

त्यानं पिशवीतून सनद काढली, पेन काढलं. अंगणात सुपडूनं मान वर केली. सव्वीस वर्षांचं काम गेलं होतं आणि परत आलं होतं, त्याला कळेना हसावं की काय करावं. मलाही हायसं वाटलं. झालं एकदाचं, म्हणून मी ताटं मांडायला घेतली.

“हेमराज आहे का रे इथं?”

झुमकाबाई. काठी आधी आली, मग त्या आल्या. मठाच्या आडाला लागून त्यांचं घर, त्यांचं कुंपण, आणि कुंपणावरून आडावर वाकलेलं त्यांचं पेरूचं झाड. त्या झाडाच्या एकेका पेरूला त्या फडकं बांधून ठेवतात, पोपटांनी टोचू नये म्हणून. अख्ख्या टेकडीला माहीत आहे की त्या फडक्याला हात लावायचा नाही. बाबासुद्धा लावत नाहीत.

झुमकाबाईंच्या हातात दोन फडकी होती.

“आडावर पडलेली सापडली,” त्या म्हणाल्या. “यातले पेरू कुठे आहेत?”

हेमराजचा हात कोटाच्या खिशाकडे गेला. खिसा चांगला फुगलेला होता, आम्ही तो आत्ता पाहिला.

“काकू, त्याचं असं आहे...” तो म्हणाला. “पाणी ओढायला ताकद लागते. पोटात काही नव्हतं. म्हणजे एका अर्थी, पाणी आणायचं तर...”

“कळशीभर पाणी काढायला पेरू लागतो?”

“एकच खाल्ला.”

“आणि दुसरा?”

हेमराजनं बाबांकडे पाहिलं. बाबा परत तांदूळ निवडायला लागले होते.

“दुसरा ठेवला,” हेमराज हळूच म्हणाला. “पुन्हा पाणी ओढायची वेळ आली तर हाताशी असावा म्हणून.”

लिंबाखाली सुपडूची मान एकदम खाली गेली.

बाबांनी खडा टाकला. “झुमकाबाई, यानं तुमचा दोरही नेला होता.”

“दोराचं काय, बाबाजी?” झुमकाबाई म्हणाल्या. “आडाशेजारी दोर टांगते तो कशाला? ज्याला पाणी काढायचंय त्यानं न्यावा, परत खुंटीला लावावा. लावलाय यानं, ओलाच लावलाय, पण लावलाय. मी दोराचं कुठे बोलले? शनिवारी जावई यायचेत म्हणून हे दोन राखले होते. विचारलं असतंस तर एक दिलाही असता रे, मेल्या. तू इथं शिकायला होतास तेव्हा दिले नाहीत का मी?”

“दिलेत, काकू.”

“मग?”



हेमराजनं खिशातून पेरू काढला आणि झुमकाबाईंच्या हातावर ठेवला. त्याचे कान लाल झाले होते. मग तो खाली बसला, पिशवीतून भोरटेकचा अर्ज काढला आणि वाचायला लागला. वाचून झाला, तर पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी बोट ठेवून एकेक ओळ.

“काय झालं रे?” मी विचारलं.

“यात दगड नाहीत.”

“कशात?”

“अर्जात. सरपंचबाईंनी दगडांबद्दल एक शब्द लिहिलेला नाही. भिंतीबद्दलही नाही.” त्यानं वाचून दाखवलं. “‘आमच्या कोंडवाड्याचे फाटक काम संपून वीस दिवस झाले तरी परत नाही. उलट त्यावर संघाचे नाव घातले आहे. फाटकाअभावी मोकाट जनावरे लोकांचा हरभरा खात आहेत. असा पाटकरी नको.’ बस. भिंत मीच धरून चाललो होतो.”

मला हसू आवरेना. एक अक्षर जास्त नाही म्हणणाऱ्या माणसानं अख्खी भिंत जास्त वाचली होती. मी तोंडाला पंचा लावला, पण पोट हलत होतं. हेमराजनं माझ्याकडे रागानं पाहिलं, आणि मग तोही हसला. पुष्कळ दिवसांनी तो या ओसरीवर तसा हसला, नाकातून आवाज काढून, शाळेत असताना हसायचा तसा. मला फार बरं वाटलं.

हसून झाल्यावर तो अंगणात गेला. सुपडू उभा राहिला.

“सुपडूभाऊ, दगड घेतलेत ते बरोबर केलंत. फाटक आडवं लावलंत तेही बरोबर. पण परत का नाही दिलंत?”

“पाट पुन्हा फुटला तर हाताशी असावं म्हणून,” सुपडू म्हणाला. मघाशी हेच शब्द त्यानं दुसऱ्याच्या तोंडून ऐकले होते, त्यामुळे बोलताना तो अर्ध्यावरच पुटपुटायला लागला.

“आणि रंग?”

“डब्यात थोडा उरला होता.”

हेमराजनं कपाळाला हात लावला. “सभेआधी फाटक जागेवर गेलं पाहिजे. रंग खरवडून. भिंतीचे दगड संघ नवे आणून देईल, मी सभेत तसं मांडतो. भिंत तुम्हीच रचायची. मी येतो बरोबर, एकट्यानं नाही उचलायचं ते फाटक.”

“आणि माझं काम?” सुपडूनं विचारलं. इतका वेळ एवढंच त्याच्या मनात होतं.

“पाट राखायला दुसरा कोण आहे?”

सुपडू पागोटं बांधायला लागला. सव्वीस वर्षं रोज बांधतो, पण आज त्याला पीळ जमेना. तीनदा सोडलं, तीनदा बांधलं. मी दुसरीकडे पाहिलं. डोळ्यांत धूर गेला होता माझ्या, या वेळी खरोखरच.

“सरपंचबाई ऐकतील ना, पण?” मी म्हणालो.

“भोरटेकची सरपंच माझी भाची,” झुमकाबाई निघता निघता म्हणाल्या. “परवाच म्हणत होती, मावशी, सुपडूनं गहू वाचवला, पण ते लाल अक्षर बघितलं की माझं डोकं फिरतं. फाटक बसलं की बसेल गप्प. नाहीतर मी आहेच.” आणि पेरू पदरात बांधून त्या घराकडे गेल्या.

हेमराज आत आला. सनद अजून चटईवर पडली होती, सतराव्या कलमाची एक ओळ लिहून झालेली. त्यानं ती ओळ खोडली. मग संघाची कामं जिथं संपतात, त्या पंधराव्या कलमाच्या शेवटी पेन टेकवलं.

“बाबा, वगैरे परत घालतो.”

“घाल.”

पेन हललं नाही.

“पण वगैरेत दोर मावतो तसा पेरूही मावेल. आज मलाच कळलं नाही, मी तर सोळा कलमं लिहिली होती. दोर कुठे संपतो आणि पेरू कुठे सुरू होतो, हे लिहायचं कसं?”

बाबांनी सुपातले तांदूळ माझ्या पातेल्यात ओतले. बाहेर कुंपणापलीकडून झुमकाबाईंचा आवाज येत होता. उरलेल्या पेरूंना त्या फडकी घट्ट करत होत्या आणि पोपटांना नि वकिलांना एकाच दमात शिव्या देत होत्या.

बाबा उठले. हेमराज बसला होता ती चटई त्यांनी धरून ओढली, तो सनद उचलून चटकन बाजूला सरकला. तिची गुंडाळी करून त्यांनी त्याच्या काखेत दिली आणि आडाकडे बोट दाखवलं.

“आत बसून लिहू नकोस,” बाबा म्हणाले. “झुमकाबाईंची हाक ऐकू येईल तिथं बस.”